न घेतलेलं प्यादं

माझा स्वभाव संशयी आहे, हे कुणी पाठीमागं सांगण्यापेक्षा मीच तोंडावर सांगून टाकते. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली तर मी ती आधी उलटीपालटी करून बघते. सून चहाबरोबर बिस्किटंही घेऊन आली, की कप हातात घ्यायच्या आधी मी विचारते, "काय हवंय?" ती बिचारी हसते आणि म्हणते, "काही नाही हो आई." आणि बहुतेक वेळा काहीतरी हवं असतंच. हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो ताईचं लग्न ठरलं त्या वर्षी. त्याआधी मी चांगली सरळ पोर होते, असं आई म्हणायची. आता आईच्या म्हणण्यावर किती विश्वास ठेवायचा, हाही एक प्रश्नच आहे.

आमची वाडी सोपाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. घराच्या पुढं केळी, मागं पानवेली आणि दोन्हींच्या मध्ये विहीर, तिच्यावर रहाट. पहाटे बैल जुंपला की रहाटाची जी करकर सुरू व्हायची ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत. तिची इतकी सवय होती की करकर चालू असताना आम्ही गाढ झोपायचो आणि बैल मध्येच उभा राहिला, आवाज थांबला, की खाडकन जाग यायची. सुकेळ्यांच्या दिवसांत अंगणात मांडव घालून सोललेली केळी उन्हात टाकलेली असायची. त्यांचा गोड, थोडासा आंबूस वास कपड्यांना, अंथरुणाला, अगदी शाळेच्या दप्तराला लागायचा. जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वाडीतली शिराळी नाहीतर केळफूल. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पित्ताचा त्रास. म्हणून त्यांचं कालवण वेगळं, बिनतिखटाचं. ते आईला वेगळं करावं लागायचं आणि ते करताना ती रोज तेच पुटपुटायची. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती इथं लिहायला गेले तर माझ्या नातवंडांनाही कळायची नाही, म्हणून त्यांना कळेल असं लिहिते आहे.

दुपारी जेवणं झाली की ओटीवर बुद्धिबळाचा पट पडायचा. पट कापडी, आईच्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावलेला. मोहरी लाकडाची, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. नाना त्यांच्या चुलत्याकडून खेळ शिकले होते आणि चुलते होते तोवर त्यांच्याशीच खेळले. चुलते गेले, समोर बसायला कुणी उरलं नाही, तेव्हा नानांनी माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला बसवलं. पोरगी बुद्धिबळ खेळते म्हणून शेजारीपाजारी नाकं मुरडायचे. नाना म्हणायचे, "मग तुम्ही या बसायला." कुणी यायचं नाही. ताई बघता बघता तयार झाली, आणि तिचं बघून मीही.

आमचा खेळ देशी. त्यात एक नियम असा होता की समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि त्याचा राजा एकटा उरला, की त्याला बुर्जी म्हणायचं. बुर्जी झाली की डाव बरोबरीत. मग तुमच्याकडं वजीर असो, दोन हत्ती असोत, काही उपयोग नाही. म्हणजे जिंकायचं असेल तर समोरच्याकडं राजाबरोबर निदान एक प्यादं शिल्लक ठेवायचं आणि ते असतानाच मात करायची. त्यामुळं आमच्या घरात शेवटच्या प्याद्याला हात लावणं म्हणजे अडाणीपणाची कमाल. मी लहान असताना एकदा हावरटासारखं ताईचं शेवटचं प्यादं मारलं, तर नानांनी पटच गुंडाळला. "सगळंच गिळायचं नसतं गं," म्हणाले. पुढं कितीतरी दिवस मला घरात 'बुर्जीवाली' अशी हाक होती.

मग वसई गावात वाचनालयाच्या माडीवर बुद्धिबळाचा क्लब निघाला आणि तिथं विलायती नियम आले. एक निवृत्त मास्तर तो क्लब चालवायचे. त्यांनी फळ्यावर नियम लिहून लावले होते: प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जाऊ शकतं, शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर होतो, आणि बुर्जी वगैरे काही नाही. राजा एकटा उरला तर उरला, खुशाल मात करा. नाना आठवड्यातून एकदा सायकल हाणत तिथं जायचे आणि परत आल्यावर आईपाशी कुरकुरायचे, "एकट्या राजाच्या मागं हत्ती घेऊन धावायचं, हा काय खेळ झाला?" पण जायचे. आमच्या शेजारचे इनासभाऊ त्यांना सोबत असायचे. इनासभाऊंची वाडी आमच्या कुंपणाला लागून. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला आणि दुपारी बुद्धिबळाला, असा त्यांचा नेम.

त्या हिवाळ्यात मास्तरांनी स्पर्धा ठेवली. वसईपासून विरारपर्यंतचे खेळणारे आले. बक्षीस म्हणून एक लाकडी ढाल, तिच्यावर पितळी पत्रा. नानांना ढालीचं फार वाटायला लागलं होतं. तसं ते बोलले नाहीत, पण ओटीवरच्या भिंतीवर एक खिळा ठोकून ठेवला होता. आईनं विचारलं, "हा कशाला?" तर म्हणाले, "राहू दे, लागेल." नाना एकामागून एक डाव जिंकत गेले. समोरचे हरायला लागले की आपणच राजा आडवा करून उठायचे, त्यामुळं डाव शेवटापर्यंत खेचायची वेळ काही आली नाही. आणि शेवटचा डाव पडला तो चंदनसारच्या आबांशी.

इथं आबांचं सांगायला हवं. आबा आमच्याच नात्यागोत्यातले, पण विरारच्या पूर्वेला, चंदनसारला राहायचे. भातशेती करायचे आणि आमच्यासारखे 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणायचे. आईला ते खटकायचं. "माणसं चांगली आहेत, पण पानी म्हणतात," असं ती पुनःपुन्हा म्हणायची, जसं काही आम्हाला ते पिऊन आजारी पडायचं होतं. तर या आबांचा मुलगा मधू. मराठी शाळेत शिक्षक, सडपातळ, बोलायला कमी. पावसाळ्यानंतर ती मंडळी ताईला बघून गेली होती. ताईनं पोहे दिले, मधूनं ते खाल्ले, आबांनी ताईला सातवीच्या फायनलला किती मार्क पडले ते विचारलं आणि जाताना म्हणाले, "कलवतो." कळवतो म्हणाले ते कळवलंच नाही. दिवाळी गेली, भात झोडून झालं, तरी उत्तर नाही. ताई त्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हती. आई मात्र वाटेत कुणी चंदनसारचं भेटलं की खडा टाकून बघायची.

आता या आबांशी नानांचा शेवटचा डाव. आबा नानांपेक्षा अर्ध्या गुणानं पुढं होते. नाना जिंकले तर ढाल नानांची, डाव बरोबरीत सुटला तरी ढाल आबांची. हे इनासभाऊंनी मला नीट समजावून सांगितलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी नाना विरारला जाऊन आले. "काय काम होतं?" आईनं विचारलं. "होतं," नाना म्हणाले. बाजार नाही, देवदर्शन नाही, हातात काही आणलं नाही. नुसतं 'होतं'. मी ते ऐकून ठेवलं.

डावाच्या दिवशी पित्तामुळं नानांना घरचंच लागणार म्हणून आईनं त्यांचा डबा माझ्याकडं दिला आणि इनासभाऊंबरोबर मला पाठवलं. वाचनालयाच्या माडीवर मुली जात नसत. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, डबा बघितला आणि खिडकीपाशी बाक दाखवला. तिथून पट सरळ दिसायचा. माडीवर तपकिरीचा, जुन्या कागदांचा आणि माणसांच्या घामाचा वास होता. आबा पांढरं धोतर, काळा कोट घालून ताठ बसले होते. नाना पाय वर घेऊन मांडी घालून खुर्चीत बसले, घरी बसायचे तसे. नानांनी सुरुवातीलाच एक घोडा जास्तीचा मारला. मग मोहऱ्यांची अदलाबदल होत गेली, पट रिकामा होत गेला. शेवटी आबांकडं राजा आणि एक प्यादं उरलं, नानांकडं राजा आणि हत्ती. आणि ते प्यादं नानांच्या हत्तीच्या सरळ रेघेत उभं होतं. मध्ये कुणी नाही, राखायला कुणी नाही. आबांचा राजा लांब होता. हत्ती उचलायचा, प्यादं घ्यायचं आणि मग एकट्या राजाला कोपऱ्यात नेऊन मात करायची. डबा मांडीवर घेऊन बसलेल्या मलाही ते दिसत होतं.

नानांनी प्यादं घेतलं नाही. त्यांनी शह दिला. आबांचा राजा एक घर सरकला, प्याद्याच्या दिशेनं. नानांनी पुन्हा शह दिला. राजा आणखी सरकला. माडीवर कुणीतरी खाकरलं. बघता बघता आबांचा राजा प्याद्याला खेटून उभा राहिला आणि मग प्यादं राजाच्या आडोशानं पुढं पुढं चालायला लागलं. नानांचा राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला, त्याला तिथवर यायला वेळच उरला नाही. प्यादं वजीर व्हायच्या घरात पोचलं तेव्हा नानांनी हत्ती देऊन ते मारलं, आबांच्या राजानं हत्ती घेतला, आणि पटावर दोन राजे तेवढे राहिले. मास्तरांनी दोघांकडं बघितलं आणि म्हणाले, "डाव बरोबरीत." टाळ्या वाजल्या त्या उशिरानं, एकेकट्या. इनासभाऊ पटाजवळ जाऊन हळूच म्हणाले, "नाना, प्यादा का नाय घेतला?" नाना चपला शोधत होते. "राहिलं," एवढंच म्हणाले. आबांनी उठून नानांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "चला नाना, आता पोरांचं पन बघून टाकू."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. 'पन' म्हणजे पणच ना? एक झालं, आता दुसरं पण, असंच ना? परत येताना नाना सायकल हातात धरून चालत होते आणि मी मागून त्यांच्या पाठीकडं बघत होते. ढाल हातची गेलेला माणूस कसा चालतो? मला काही ते कळेना. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. आईचा जीव भांड्यात पडला. मी मात्र त्या भाकऱ्या मोजत बसले. इतकी वर्षं खेळणारा माणूस समोरचं प्यादं सोडतो, ढाल घालवतो आणि वर दोन भाकऱ्या खातो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्याच आठवड्यात चंदनसारहून उत्तर आलं. मुलगी पसंत. साखरपुडा संक्रांतीनंतर करू. पावसाळा संपल्यापासून गप्प बसलेली माणसं चार दिवसांत बोलायला लागली. उत्तराबरोबर नव्या तांदळाचं पोतं आणि तवशांची, म्हणजे गावठी काकड्यांची, करंडी. आईनं देवापुढं साखर ठेवली. मी तवशी बघितली आणि मला ती कडूच असणार असं वाटलं. कडू नव्हती. तरी मी खाल्ली नाही.

गावाला सांगायला कुणी जावं लागत नाही. माडीवर माणसं होती, त्यांना डोळे होते. विहिरीवर, देवळात, वाटेवर कुजबुज सुरू झाली. शेजारच्या बायजाकाकींना कुजबुज जमत नसे. त्या घागर काखेत घेऊन सरळ ताईलाच म्हणाल्या, "काय गं, बापानं डाव सोडला आणि तुला उजवली, खरं ना? शहाणा बाप. नाहीतर असं स्थळ कुठून येतंय." ताईची घागर भरलेली होती. ती तशीच तिनं तिथं पायरीवर ठेवली आणि रिकाम्या हातानं घरी आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईला म्हणाली, "नानांनी डाव सोडला असेल तर मी चंदनसारला जाणार नाही. मला कुणी खेळात देऊन टाकलेलं चालायचं नाही." आई म्हणाली, "गप्प बस. लोकांचं काय ऐकतेस?" ताई म्हणाली, "मग नानांना सांगायला सांग." एवढंच बोलून ती पानांच्या जुड्या बांधायला बसली. ताई चिडली की ओरडायची नाही. ती काम करायची, आणि ते जास्त भीतीचं होतं.

तिनं नानांना विचारलंही, माझ्यादेखत. "नाना, डाव सोडलात?" नाना पानवेलींना पाणी सोडत होते. त्यांनी खोरं थांबवलं, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुला काय वाटतं?" ताई म्हणाली, "मला वाटून काय उपयोग? तुम्ही सांगा." नाना पुन्हा खोरं मारायला लागले. आता मला सांगा, निर्दोष माणूस असं उत्तर देतो का? 'नाही' हा केवढासा शब्द. तो काही त्यांच्या तोंडातून निघेना. मग मी माझ्या परीनं तपास केला. इनासभाऊंकडं केळीची पानं द्यायला म्हणून गेले आणि विषय काढला. ते आपल्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते. "पोरी," ते म्हणाले, "तुझा बाप देवमानूस हाय. पन देवमानसाला पन पोरगी असते." हे ऐकून तर माझी खात्रीच पटली. आई म्हणायची पुरुषांच्या खेळातलं आपल्याला काय कळतं. पण आम्हाला कळत होतं, तेच तर वाईट होतं. ज्याला बुद्धिबळ कळत नाही त्याला 'चुकलं असेल' म्हणता येतं. आम्हाला तसं म्हणता येईना.

साखरपुड्याची तयारी चालू होती आणि नवरी मुलगी तोंड शिवून बसलेली. आई नानांना टाकून बोलायची, नाना न ऐकल्यासारखं करायचे. भिंतीवरचा खिळा तसाच होता. बुद्धिबळाचा पट त्या दिवसांत ओटीवर पडलाच नाही. आईनं एकदा ताईला विचारलं, "खरंच नाही म्हणणार आहेस का गं? चंदनसारची माणसं यायची वेळ आली." ताई म्हणाली, "एकदा बोलले ना." तिचं स्वयंपाकघरातलं बोलणं कुंपणापलीकडं ऐकू गेलं आणि सगळ्या गावात झालं होतं. बायजाकाकींनी ते पार कामणपर्यंत पोचवलं होतं म्हणतात, आणि त्यांच्यावर माझा याबाबतीत पूर्ण विश्वास आहे.

मग एका दुपारी, जेवणं झाल्यावर, ताईनं स्वतःच पट काढला, झटकला आणि ओटीवर अंथरला. नाना खांबाला टेकून बसले होते. "या नाना," ती म्हणाली. "विलायतीच खेळू." नाना थोडा वेळ पटाकडं बघत राहिले. मग आले. मी दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि नानांच्या तोंडावर नजर रोखली, कारण माणूस खोटं हातानं बोलत नाही, तोंडानं बोलतो, असं माझं त्या वयातलं मत होतं.

ताई इतकी वाईट कधी खेळली नव्हती. आधी उंट फुकट दिला, मग घोडा. वजीर तर असा नेऊन ठेवला की मलाही कसंतरी झालं. "लक्ष कुठं आहे तुझं?" नाना म्हणाले. "पटावरच आहे," ताई म्हणाली. ती काय करत होती ते माझ्या उशिरा लक्षात आलं. ती एकेक मोहरं टाकत डाव मुद्दाम तिथं नेत होती. नानांनी मारलं की ती पुढचं द्यायची. अशा रीतीनं शेवटी तिच्याकडं राजा आणि एक प्यादं उरलं आणि नानांकडं राजा, हत्ती आणि एक उंट. प्यादं हत्तीच्या रेघेत, मोकळं, राखण नसलेलं. रहाट बंद होता, वाडीत कुठंतरी सुतारपक्षी ठोकत होता. आई आत भांडी घासता घासता थांबली असावी, कारण तो आवाज येईना.

नानांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. नेहमीसारखे ओठ आत घेतलेले. त्यांनी मान वर करून एकदा ताईकडं पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाले, "शह."

ताईनं राजाला हात लावला नाही. "नाना, प्यादं का नाही घेतलंत?"

"घेतलं तर बुर्जी होईल ना," नाना म्हणाले. आणि मग एकदम थांबले. कपाळावर हात मारून घेतला. "अगं हो. विलायती म्हणालीस. माझ्या हाताला ती सवयच लागून गेली आहे. चुलत्यानं शिकवलेलं, जातंय कुठं?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिथंही हेच झालं. मास्तरांच्या फळ्यावर ढळढळीत लिहिलेलं, आणि मी आपला त्या प्याद्याला जपत बसलो. इनासनं विचारलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काय सांगणार होतो? सगळ्या वसईत सांगू, की इतकी वर्षं खेळतो आणि अजून नियम कळत नाही? त्यापेक्षा म्हणू दे लोकांना काय म्हणायचं ते."

"आणि आदल्या दिवशी विरारला कशाला गेला होता?" हे मी विचारलं. मला गप्प बसवेना. नाना म्हणाले, "पित्ताच्या पुड्या आणायला वैद्याकडं. वैद्य भेटला नाही. आईला सांगितलं असतं तर तिनं माझं उरलंसुरलं मीठही बंद केलं असतं."

ताई रडायला लागली. रडता रडता हसायलाही लागली. नाना भेदरून म्हणाले, "बाहेर कुणाला सांगू नका बायांनो." ताईनं डोळे पुसले, मोहरी गोळा केली आणि आत जाऊन आईला म्हणाली, "माझ्या हिरव्या साडीला फॉल लावायचा राहिला आहे." तेवढ्यावर सगळं ठरलं. साखरपुडा झाला, लग्न झालं, ताई चंदनसारला गेली आणि पहिल्या महिन्यातच 'पानी' म्हणायला लागली. आम्ही नानांची गोष्ट बाहेर कुणाला सांगितली नाही. त्यामुळं गावात शेवटपर्यंत हेच चाललं की नानांनी डाव सोडून पोरगी खपवली. बायजाकाकींनी तर ते पुढच्या पिढीलाही सांगून ठेवलं. नाना ते ऐकायचे आणि पान खात बसायचे. अडाणी ठरण्यापेक्षा लबाड ठरलेलं त्यांना बरं वाटत असावं, असं मी समजत होते. खिळ्यावर पुढं आईनं पंचांग अडकवलं.

नाना गेले, आबा गेले, मधूभावजीही गेले. ताई मात्र टुणटुणीत आहे. चंदनसारला आता भातशेतीच्या जागी चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्यात आणि त्यांच्या मध्ये तिचं कौलारू घर दडपून बसलंय. मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडं चार दिवस राहायला गेले होते. दुपारी आम्ही दोघी पडवीत वाल सोलत बसलो होतो. बोलता बोलता त्या डावाचा विषय निघाला. मी म्हटलं, "ताई, मला एक संशय येतो." ती म्हणाली, "तुला येणारच." मी म्हटलं, "त्या दुपारी तू मुद्दाम एकेक मोहरं टाकत होतीस. मला कळलं, ते नानांना कळलं नसेल? तू काय बघते आहेस ते ओळखून त्यांनी मुद्दाम प्यादं सोडलं नसेल?"

ताईनं वालाची साल बाजूला टाकली. "तू तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघत होतीस," ती म्हणाली. "मी हाताकडं बघत होते. त्यांनी हत्ती उचलला आणि सरळ प्याद्याच्या घरापर्यंत आणला. टेकवायचाच बाकी होता. मग माझ्याकडं बघितलं आणि हत्ती बाजूला नेऊन शह दिला."

मी सोलायची थांबले. "म्हणजे वाचनालयातला डाव त्यांनी सोडलेलाच होता?"

"ते मला अजून माहीत नाही. तिथं खरंच चुकले असतील. कोण जाणे. माझ्यासमोर मात्र ते चुकले नव्हते."

"आणि हे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"तेव्हाच."

"मग गेलीस कशी? डाव सोडला असेल तर जाणार नाही म्हणाली होतीस ना? साऱ्या गावाला ऐकवलं होतंस."

ताईनं माझ्या मांडीवरचे न सोललेले वाल स्वतःच्या सुपात ओढून घेतले. "मला मधू पहिल्या दिवसापासून आवडला होता गं," ती म्हणाली. "एवढं बोलून बसले होते, आता माघार कशी घ्यायची, तेवढंच सुचत नव्हतं. ते एकट्या नानांना कळलं."